मालामागची नोंद : शेतमालाचा बाजार, अन्नसुरक्षा आणि ब्लॉकचेन

२०११च्या मे महिन्यात उत्तर जर्मनीतल्या रुग्णालयांत रक्ताच्या जुलाबांचे रुग्ण भराभर येऊ लागले. त्यांतल्या अनेकांची मूत्रपिंडे बघता बघता निकामी होत होती. जंतू सापडला : ई. कोलायची ओ१०४:एच४ ही जात. तो पोटात कशातून गेला, हे मात्र सापडेना. हॅम्बुर्गच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी स्पेनहून आलेल्या काकडीवर बोट ठेवले. काही दिवसांत प्रयोगशाळेने सांगितले की त्या काकडीवरचा जंतू वेगळा आहे. पण तोवर स्पेनच्या शेतकऱ्यांच्या काकडीलाच नव्हे, तर इतर भाज्यांनाही युरोपच्या बाजारात कोणी हात लावीनासे झाले होते. अखेर माग लागला तो लोअर सॅक्सनीत मोड आणलेली कडधान्ये विकणाऱ्या एका छोट्या उत्पादकाचा, आणि त्याच्याही मागे, २००९च्या अखेरीस इजिप्तहून निघालेल्या मेथीच्या बियांच्या एका खेपेचा. जूनमध्ये फ्रान्समध्ये बोर्दोजवळ तसाच उद्रेक झाला, तेव्हा दोन्हीकडचा समान धागा तीच खेप ठरली. ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले, ५० हून अधिक दगावले. (मोडाच्या मेथीची आपल्याकडे उसळ होते, तिकडे ती कच्चीच सॅलडवर पडते. फरक तेवढाच, पण जंतूला तेवढा पुरतो.)

हा माग लावला कशाने? उपाहारगृहांत कोण काय जेवले याच्या याद्या, स्वयंपाक्यांच्या पाककृती आणि पुरवठ्याच्या पावत्या यांच्या आधारे. ४१ वेगवेगळ्या ठिकाणचे रुग्णसमूह पावत्यांवरून मागे मागे नेले, तेव्हा सगळे एकाच उत्पादकापाशी येऊन मिळाले. युरोपीय संघाच्या २००२ सालच्या अन्नविषयक मूळ कायद्याने प्रत्येक व्यावसायिकाला एक बंधन घातलेले आहे : माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला, एवढे सांगता आले पाहिजे. एक पाऊल मागचे, एक पाऊल पुढचे. पावत्या होत्या म्हणून मेथी सापडली. त्या जुळवायला आठवडे लागले, म्हणून काकडी बदनाम झाली.

ज्या अभ्यासक्षेत्रात वाचकाचे स्वागत करायचे आहे, त्याचा जन्म या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत झाला आहे. शेतमाल शेतातून ताटापर्यंत जाताना त्याच्यासोबत नोंदही चालत राहावी, ती चटकन जुळावी आणि मागाहून कोणी तिच्यात खाडाखोड करू नये, हे कसे साधायचे? कृषिशास्त्र, रसायनशास्त्र, कायदा, बाजाराचे अर्थकारण आणि संगणकशास्त्र अशा पाच वाटा इथे येऊन मिळतात. गेल्या दहा वर्षांत पाचव्या वाटेने आलेल्यांचा आवाज जरा मोठा झाला आहे. ब्लॉकचेन हा त्यांचा शब्द.

तो ऐकला की वाचकाला बिटकॉइन आणि त्यात बुडालेले शेजाऱ्याचे पैसे आठवतात. आपल्या विषयाचा त्याच्याशी संबंध नाही. मूळ कल्पना तर बिटकॉइनच्या बरीच आधीची. १९९१ मध्ये स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन अमेरिकन संशोधकांनी एक साधा प्रश्न विचारला : संगणकातला एखादा दस्तऐवज अमुक दिवशी अस्तित्वात होता आणि नंतर त्याला कोणी हात लावला नाही, हे सिद्ध कसे करायचे? त्यांचे उत्तर असे. दस्तऐवजावर एक गणिती प्रक्रिया करून ठरावीक लांबीची खूण काढायची. तिला हॅश म्हणतात. दस्तऐवजातला एक स्वल्पविराम बदलला, तरी खूण ओळखू येणार नाही इतकी बदलते. मग प्रत्येक नव्या नोंदीच्या खुणेत आधीच्या नोंदीची खूण गुंफत जायचे. मधली एक नोंद बदलली की तिच्यापुढच्या सगळ्या खुणा चुकतात आणि लबाडी उघडी पडते. या खुणा जगापुढे ठेवायच्या कशा? १९९५पासून त्यांच्या कंपनीने दर आठवड्याची एकत्रित खूण 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. जुनी नोंद बदलायची, तर वाचनालयांतले जुने अंक गोळा करून जाळावे लागले असते. नवख्या विद्यार्थ्याला वर्तमानपत्राची ही हकीकत आधी सांगावी असे मला वाटते, कारण ब्लॉकचेन काय देते ते तिच्यात पुरते आले आहे : मागाहूनच्या फेरफाराला चाप. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये आलेल्या बिटकॉइनच्या मूळ निबंधातल्या आठ संदर्भांपैकी तीन याच जोडीच्या लेखनाचे आहेत.

अन्नाच्या व्यवहारात जी साखळी वापरतात ती सहसा सगळ्यांना मोकळी नसते. त्यात नाणी नसतात, वीज पिणारे 'मायनिंग' नसते. ओळखीचे, परवानगी मिळालेले सदस्य असतात आणि नोंदवहीची प्रत त्यांच्यापैकी अनेकांकडे असते. हायपरलेजर फॅब्रिक हे त्यासाठीचे बहुतेकांना ठाऊक असलेले सॉफ्टवेअर. बाकी तांत्रिक तपशील शिकायला सोपा आहे आणि त्यावरची पुस्तके मुबलक आहेत.

या क्षेत्राची जाहिरात ज्या एका आकड्याने होते, तो मात्र नीट पाहायला हवा. २०१६–१७च्या सुमारास वॉलमार्टचे अन्नसुरक्षाप्रमुख फ्रँक यियानस यांनी आंब्याच्या कापलेल्या फोडींचे एक पाकीट सहकाऱ्यांपुढे ठेवले आणि हा आंबा कुठल्या बागेतला, ते शोधून काढायला सांगितले. उत्तर यायला ६ दिवस, १८ तास आणि २६ मिनिटे लागली. आयबीएमबरोबर ब्लॉकचेनचा प्रयोग झाल्यावर तेच उत्तर २.२ सेकंदांत आले. आकडा खरा आहे. त्याचे श्रेय मात्र ब्लॉकचेनचे नाही. कागदावरची, फोनवरची, वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांतली माहिती एका साच्यात आणि एका जागी आली, हे त्याचे कारण. साधा डेटाबेसही त्या वेगाने उत्तर देतो. हेच यियानस पुढे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात उपायुक्त झाले. त्या प्रशासनाने २०२२ मध्ये पालेभाज्या, काकडी, अंडी अशा जोखमीच्या पदार्थांसाठी मागोव्याचा नियम काढला, तेव्हा त्यात ब्लॉकचेनची सक्ती नव्हती. मागणी होती ती, विचारल्यापासून २४ तासांत संगणकावर क्रमवार लावता येईल अशी यादी देण्याची. तेवढेही व्यापाऱ्यांना जड गेले आणि अंमलाची तारीख २०२६वरून २०२८वर गेली.

मग आपल्याकडे काय? इथे महाराष्ट्राला कोणाकडून उसने उदाहरण घ्यावे लागत नाही. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला 'रेसिड्यू' (फळात उरलेले कीटकनाशकाचे अंश), 'एमआरएल' (त्या अंशांची कमाल मर्यादा), 'पीएचआय' (शेवटची फवारणी आणि काढणी यांतले अंतर) हे शब्द गेली वीस वर्षे घरातल्या माणसांसारखे परिचयाचे आहेत. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि साऱ्या निर्यातीच्या पोटात गोळा आला. त्यातून अपेडा या शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेने उर्वरित अंशांवर देखरेखीची योजना आखली. पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली प्रयोगशाळा तिचा कणा झाली. २००६च्या सुमारास ग्रेपनेट आले. बागेची कृषी विभागाकडे नोंदणी, तिला क्रमांक, फवारणीची नोंदवही. काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन स्वतः नमुना नेतो. अहवाल थेट संगणकावर चढतो. नमुना नापास झाला तर अंतर्गत इशारा निघतो आणि त्या बागेचा माल युरोपला जाणाऱ्या पॅकहाउसमध्ये शिरू शकत नाही. रॉटरडॅमला उतरलेल्या पेटीवरच्या क्रमांकावरून निफाड तालुक्यातल्या बागेपर्यंत पोचता येते. या सगळ्यात ब्लॉकचेन कुठेही नाही. एक मध्यवर्ती डेटाबेस आहे, आणि त्याहून महत्त्वाची अशी एक शिस्त आहे.

तरीही २०१०चा हंगाम फसला. वेलीची फाजील वाढ आवरून घड चांगले यावेत म्हणून क्लोरमेक्वाट क्लोराइड फवारतात. बागायतदार त्याला सीसीसी किंवा लिहोसिन म्हणतात. युरोपात त्याचे अंश प्रति किलो ०.०५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडले, कंटेनर अडकले आणि कित्येक निर्यातदार आणि त्यांच्यामागचे शेतकरी कर्जात गेले. मागोव्याची व्यवस्था शाबूत होती. प्रत्येक पेटीची बाग माहीत होती, प्रत्येक बागेचा अहवाल होता, आणि अहवालात लिहिलेले खरे होते. फक्त तपासायच्या रसायनांच्या यादीत सीसीसी नव्हते. त्या साली ग्रेपनेट ब्लॉकचेनवर असते, तर 'हे तपासले नाही' ही गोष्ट कायमची, पुसता न येण्याजोगी नोंदली गेली असती, इतकेच.

विषय खोटा आहे असे दाखवायला मी हे सांगत नाही. विषयाचा मध्यबिंदू कुठे आहे, ते यातून दिसते. साखळी लिहिलेल्याची राखण करते. अन्नावरच्या देखरेखीत बिघाड होतो तो बहुधा लिहिण्याच्या जागी : काय लिहायचे, कोणी लिहायचे, आणि लिहिलेले ज्या मालाबद्दल आहे तो माल तोच आहे हे कशावरून.

या तिसऱ्या प्रश्नाचे उग्र रूप पाहायचे असेल, तर निर्यातीचा बाजार सोडून पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डात किंवा वाशीच्या भाजीपाला बाजारात जावे. गावाकडून निघालेल्या एका टेम्पोत दहा शेतकऱ्यांचा माल असतो. गोणीवर किंवा क्रेटवर नावाची चिठ्ठी. आडत्याच्या गाळ्यावर माल उतरतो, त्याचे वक्कल (लिलावाचा ढीग) लागते, बोली होते. हमाली, तोलाई, भाडे वजा जाता शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडते. या पट्टीकडे अभ्यासकांनी आदराने पाहावे अशी माझी विनंती आहे. तीत शेतकऱ्याचे नाव, गाव, वजन किंवा नग, भाव आणि कपात सगळे असते. म्हणजे आपल्या बाजारात नोंदच नसते, हे म्हणणे चुकीचे आहे. पण ही नोंद पैशाचा माग ठेवते. माल खरेदीदाराच्या टेम्पोत चढला की तीन आडत्यांकडची, बारा गावांची कोथिंबीर एका ढिगात जाते, पाणी मारले जाते, जुड्या पुन्हा बांधल्या जातात आणि सकाळी सातला दादरच्या फुटपाथवर ती फक्त 'ताजी कोथिंबीर' उरते. पट्टीचा प्रवास गावाकडे उलटा, कोथिंबिरीचा ताटाकडे. त्यानंतर दोघींची गाठ पडत नाही. २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाल्यावर आवाराबाहेरचे व्यवहार वाढले, तिथे समितीच्या दप्तराचीही खात्री उरली नाही. शेतकऱ्याला विक्रीचे स्वातंत्र्य मिळाले हे चांगलेच झाले. पण देखरेखीच्या बाजूने त्याची किंमत कोणी मोजलेली दिसत नाही.

कायद्याची रेघही नेमकी इथेच ओढलेली आहे. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याच्या कलम १८ने शेतकरी, मच्छीमार, शेतीची कामे आणि पिके यांना कायद्याबाहेर ठेवले आहे. शेतात काय फवारले हे पाहायचे कृषी खात्याने, १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली. माल दुसऱ्याच्या हातात गेला की राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा अधिकार सुरू होतो. लहान शेतकऱ्याला परवान्यांच्या जाचातून वाचवणारी ही तरतूद मला योग्यच वाटते. परिणाम मात्र असा की, ज्या क्षणी मालाची ओळख पुसली जाते, साधारण त्याच क्षणी अन्नसुरक्षेचा कायदा जागा होतो. शिवाय अन्न विश्लेषकाने अहवाल द्यायचा तो नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत. कोथिंबीर दोन दिवसांत खाऊन झालेली असते. म्हणून ताज्या भाजीच्या बाबतीत तपासणी ही खाणाऱ्याचे रक्षण करत नाही. पुढच्या आठवड्यात कुठल्या गावाकडे जाऊन चौकशी करायची, तेवढे सांगू शकते. तेही माग असेल तर. ई-नाम या राष्ट्रीय ऑनलाइन कृषी बाजाराला जोडलेल्या बाजारांतही गुणवत्ता तपासतात, पण ती आकार, ओलावा, काडीकचरा अशी, म्हणजे भाव ठरवण्यासाठीची. कीटकनाशकाचे अंश तिथल्या मोजणीत येत नाहीत.

मालाची आणि नोंदीची गाठ बांधण्याचे काम आज बहुतेक ठिकाणी क्यूआर कोडवर सोपवलेले असते. त्याबद्दल सावध करणारा एक दाखला शेजारच्या क्षेत्रातला आहे. २०२० मध्ये सेंद्रिय वस्त्रांची जागतिक मानके राखणाऱ्या गॉट्स या संस्थेने भारतातला २०,००० टन 'सेंद्रिय' कापूस खोट्या प्रमाणपत्रांवर विकला गेल्याचे जाहीर केले. त्या प्रमाणपत्रांवर क्यूआर कोड होते. ते स्कॅन केले की सरकारी संकेतस्थळ उघडे. फरक एवढाच की ते संकेतस्थळ हुबेहूब नक्कल केलेले होते. नोंदवही कितीही अभेद्य असो, ग्राहकाला भलत्याच नोंदवहीच्या दारात नेऊन सोडता येते. याउलट देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५च्या हंगामात केलेला उपाय पाहावा. प्रत्येक फळावर क्रमांकाचे असे लेबल, की ते सोलून दुसऱ्या फळावर लावता येत नाही, काढताना फाटते; आणि ही लेबले बागायतदाराला त्याच्या झाडांच्या हिशेबाने मोजून द्यायची. कर्नाटकातल्या आंब्याला देवगडच्या पेटीत बसवणाऱ्यांना रोखायला आधी गोंद आणि हिशेब लागतो, गणित नंतर. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे सांगितले की ते थोडे हिरमुसतात.

मग ब्लॉकचेनला जागा कुठे? माझे उत्तर असे : जिथे नोंद करणारे एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत, आणि जिथे एखादी नोंद विसरली जाण्यात कोणाचा तरी फायदा असतो, तिथे. सगळ्यात ठळक उदाहरण नापास अहवालाचे. देशांतर्गत बाजारासाठी एखाद्या व्यापाऱ्याने नमुना तपासून घेतला, तो नापास झाला, तर त्याने दुसरा नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत द्यावा आणि पास झालेला कागद तेवढा दाखवावा, याला आज फारशी आडकाठी नाही. नमुना प्रयोगशाळेत शिरतानाच त्याची खूण सामाईक वहीत पडली आणि त्या वहीची प्रत प्रयोगशाळा, बाजार समिती, कृषी खाते आणि अन्न व औषध प्रशासन अशा चौघांकडे राहिली, तर पहिला अहवाल गायब करायला चौघांना सामील व्हावे लागेल. हॅश खूण काढून ठेवायला अहवाल जाहीर करण्याचीही गरज नाही, म्हणजे धंद्याची गुपिते राहतात. शीतवाहनातल्या तापमानाच्या नोंदी, इथिलीनने आंबे-केळी पिकवणाऱ्या खोल्यांच्या नोंदी, माल परत बोलावल्याचा आदेश कोणाला किती वाजता पोचला याची नोंद, ही सगळी याच जातीची कामे आहेत. ती दिमाखदार नाहीत. पण नोंद पुसण्याचा मोह इथेच होतो.

वही कोणाची, हा प्रश्न तरीही उरतो, आणि तो तांत्रिक नाही. मर्स्क आणि आयबीएम यांनी जहाजी मालाच्या कागदपत्रांसाठी ट्रेडलेन्स ही ब्लॉकचेन उभारली. तंत्र चालत होते, पण जगभरच्या व्यवसायाचे जे पूर्ण सहकार्य हवे होते ते मिळाले नाही, आणि २०२२च्या अखेरीस ती गुंडाळत असल्याचे जाहीर झाले. सगळ्या प्रती एकाच मोठ्या खरेदीदाराच्या संगणकांवर असतील, तर ती साखळी म्हणजे सोवळ्यातला डेटाबेस. भारतात कॉफी मंडळाने २०१९ मध्ये ब्लॉकचेनवरच्या बाजारपेठेचा प्रयोग केला, मसाले मंडळाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाबरोबर आंध्रातल्या मिरची-हळदीसाठी २०२१ मध्ये तसा करार केला. अशा प्रयोगांकडे बघताना पहिला प्रश्न हाच असावा की त्यांत किती स्वतंत्र संस्थांकडे वहीची प्रत आहे, आणि त्यांच्यातल्या कोणाला 'नाही' म्हणता येते.

शेतकऱ्याच्या बाजूनेही बघायला हवे, नाहीतर हे सारे शास्त्र त्याच्यावर पाळत ठेवण्याचे साधन होईल. द्राक्षवाल्याने नोंदवही ठेवली, कारण तिच्यामागे युरोपचा भाव होता. कोथिंबिरीच्या शेकड्याला उद्या काय मिळेल हे जिला माहीत नाही, त्या शेतकरी बाईने मोबाइलवर फवारणीच्या तारखा का भरायच्या? भरल्यावर भाव तोच आणि दोष मात्र नावानिशी तिचा, असा सौदा कोणी शहाणा माणूस करणार नाही. शेजारच्या बागेतून उडून आलेल्या फवाऱ्याचे काय, दुकानदाराने भलतेच औषध गळ्यात मारले त्याचे काय, याची उत्तरे नियमांत असल्याशिवाय नोंद मागणे मला अन्यायाचे वाटते. न पुसली जाणारी नोंद चुकीची असली तर दुरुस्त कशी करायची, हा त्यातलाच उपप्रश्न. तांत्रिकदृष्ट्या उत्तर सोपे आहे : जुनी नोंद राहू द्यायची आणि दुरुस्तीची नवी नोंद जोडायची. पण ती दुरुस्ती मागण्याचा हक्क कोणाला, किती दिवसांत, कोणापुढे?

इथे कायद्याच्या विद्यार्थ्यांना हाताशी ताजे काम आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात संगणकीय नोंद पुरावा म्हणून मांडताना जोडायच्या प्रमाणपत्रात तिची हॅश खूण लिहावी लागते. हेबर-स्टॉर्नेटांची कल्पना अशी आपल्या न्यायालयांच्या नमुन्यात येऊन बसली आहे. भेसळीच्या किंवा उर्वरित अंशांच्या खटल्यात प्रयोगशाळेच्या वहीतली अशी खूण कितपत टिकेल, नमुना घेणाऱ्या अधिकाऱ्याची उलटतपासणी तिने सोपी होईल की अवघड, हे निकालांतूनच ठरत जाईल.

आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्याहून जास्त काम आहे. अनेक रसायनांचे अंश एकाच वेळी तपासणाऱ्या चाचणीला काही हजार रुपये लागतात, आणि एका मोठ्या बाजारात एका पहाटे लागणारी सगळी वक्कले तपासणे कोणालाही परवडणारे नाही. तेव्हा कुठले वक्कल उचलायचे? चिठ्ठ्या टाकून, की मागच्या महिन्यात नापास झालेल्या गावांकडे झुकते माप देऊन? झुकते माप दिले, तर एका बागेच्या चुकीसाठी सगळ्या गावाला किती दिवस संशयाखाली ठेवायचे? यादीत या वर्षी कुठली नवी रसायने घालायची, हे कृषी सेवा केंद्रांतल्या विक्रीवरून ओळखता येईल का? सीसीसीचा धडा जमेस धरला, तर सुरुवात या शेवटच्या प्रश्नापासून करावी, आणि त्यासाठी लागणारी विक्रीची नोंद त्या केंद्रांना ठेवावीच लागते.